पलंगाखाली बघणारे हरिभाऊ

हरिभाऊ हाके कुणाच्याही घरी गेले की आधी पलंगाखाली बघतात.

देवघराकडे नाही, टीव्हीकडे नाही, पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभ्या राहिलेल्या माणसाकडेही नाही. एक हात गुडघ्यावर, दुसरा फरशीवर टेकवून अडुसष्टाव्या वर्षी हा माणूस सरळ खाली वाकतो, मान तिरकी करून आतला अंधार न्याहाळतो, मग उठून तळवा धोतराला पुसत विचारतो, "जुनं सूंडवालं हाय का घरात? धूळ वढायचं?"

नाही म्हटलं की चेहरा थोडा उतरतो. मग ते खुर्चीवर बसतात आणि बाकीच्या माणसांसारखे चहा पितात.

आम्ही सहा वर्षांपूर्वी सिडकोतल्या या इमारतीत राहायला आलो, तेव्हा सामान अजून खोक्यांतच होतं. समोरच्या दारातून हरिभाऊ आले आणि आमच्या रिकाम्या पलंगाखाली वाकले. सुनंदा, म्हणजे माझी पत्नी, मला आत बोलावून हळूच म्हणाली, "अहो, हे झुरळांचं औषध मारणारे आहेत का? आपण बोलावलं होतं?"

"समोर राहतात. दारावर पाटी आहे, ह. रा. हाके."

"मग खाली काय शोधतायत?"

शोधत होते व्हॅक्यूम क्लीनर. नवा नव्हे. जितका जुना तितका चांगला, बंद असला तरी चालेल, अर्धा असला तरी चालेल. हरिभाऊ व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्या जुन्या कंपन्यांचा इतिहास लिहितात. बुडालेल्या, बंद पडलेल्या, दुसऱ्यांनी विकत घेतलेल्या, आता कुणाच्या लक्षातही नसलेल्या. असं काम करणारा दुसरा माणूस या शहरात नाही, एवढं मी छातीठोक सांगू शकतो. महाराष्ट्रात नसावा असं वाटतं, पण ते मी मोजलेलं नाही.

मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही माझी सवय. मी पाटबंधारे खात्यात आहे. धरणाच्या पाण्याची पातळी रोज सकाळी टिपायची आणि वर कळवायची, हे माझं तीस वर्षांचं काम. "यंदा बरंच पाणी आहे" असं कुणी म्हणालं की मला अस्वस्थ वाटतं. बरंच म्हणजे किती? सुनंदा म्हणते, लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी किती लोक आले ते मोजत होतो. खरं आहे. तीनशे बारा होते.

म्हणूनच की काय, आमचं दोघांचं जमलं. हरिभाऊंचं एक वाक्य ठरलेलं आहे: "नोंद पाहिजे." भाजी महाग झाली, नोंद पाहिजे. नळाला पाणी दोन दिवस उशिरा आलं, नोंद पाहिजे. आणि दुसरं वाक्य, जे ते जरा सावकाश म्हणतात: "धूळ जात नाय साहेब, जागा बदलती."

हरिभाऊ पाचोडचे. घराणं मेंढपाळांचं. वडील मेंढरं घेऊन गोदाकाठानं फिरायचे. लहानपणी घोंगडी काठीनं झोडपायचं काम हरिभाऊंकडे होतं. "घोंगडी झोडपली की धूळ उडायची, अन् आपल्याच डोस्क्यावर येऊन बसायची. मी तवाच म्हणलं, ह्याला कायतरी इलाज पाहिजे. मंग कळालं, इलाज आधीच निघालेला हाय." विलायतेत पहिल्यांदा हे यंत्र निघालं तेव्हा ते घोडागाडीवर बसवून दारात आणायचे आणि लांब नळ्या खिडकीतून आत सोडून घर साफ करायचे, ही हकीगत हरिभाऊ अशा थाटात सांगतात की जणू ती गाडी पाचोडच्या आठवडी बाजारातच उभी होती. "घोडी बुजायची आवाजाला. बुजणारच की. आमची मेंढरं फटफटीला बुजायची."

त्यांचं बरंचसं संशोधन पोस्टानं चालतं. बंद पडलेल्या कंपन्यांच्या जुन्या पत्त्यांवर ते पत्रं लिहितात. पत्रं परत येतात, वर शेरा, या पत्त्यावर कोणी नाही. ते पाकीट हरिभाऊ फेकत नाहीत. फाइलला लावतात.

"हे कशाला?" मी एकदा विचारलं.

"कंपनी उरली नाय ह्याचा पोस्टाच्या शिक्क्यानिशी पुरावा हाय हा. असा पुरावा कोन देतंय?"

दुसरा आधार म्हणजे शहागंजच्या मागचा सलीम भंगारवाला. त्याच्याकडे असलं काही आलं की तो हरिभाऊंना फोन करतो. हरिभाऊ फोन कानापासून वीतभर लांब धरून बोलतात, त्यामुळे सलीमचं बोलणं साऱ्या मजल्याला ऐकू येतं. "काका, सूंडवाला डब्बा आया! पैले तुम देख लेव, फिर मैं फोडता. जल्दी आव, मेरेकू जगा नै!" की हरिभाऊ टोपी घालून निघालेच. रिक्षानं जातात आणि येताना मांडीवर तो डबा घेऊन येतात.

कंपन्यांच्या क्लृप्त्याही त्यांना पाठ. एकदा चहा पिताना त्यांनी कोलकात्याच्या एका जुन्या कंपनीची गंमत सांगितली. "ह्यांनी पहिलं मशीन काढलं, अन् त्याच्या बुडाला नंबर ठोकला पाच हजार एक! कामून? नंबर एक बघितला की गिऱ्हाईक म्हणतं, आमच्यावरच शिकाया लागले का काय. पाच हजार बघितलं की म्हणतं, जुनी कंपनी दिसती. कागदावर पाच हजार मशीनं इकली, अन् खरं बघितलं तर एक!" एवढं बोलून ते खो खो हसले, आणि मीही हसलो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मात्र हरिभाऊंच्या सगळ्या इतिहासाचा मध्य एका कंपनीत आहे. तिचं नाव निर्धूल. मी आधी या कंपनीचं नाव ऐकलेलं नव्हतं. तुम्हीही ऐकलेलं नसणार. हे शहर औरंगाबाद होतं आणि चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत नव्यानं भरत होती, तेव्हा तिथे दोन शेडमध्ये हा कारखाना चालायचा. चार वर्षं आणि काही महिने चालला आणि बंद पडला. हरिभाऊ तिथे टेस्टिंगला होते. तयार झालेलं प्रत्येक मशीन ते चालू करून बघायचे, आवाज ऐकायचे आणि पास-नापास ठरवायचे. अजूनही समोरच्या इमारतीत कुणी व्हॅक्यूम लावला की हरिभाऊ गॅलरीतून म्हणतात, "ब्रश झिजलाय त्येचा. सांगा त्यांला."

आमच्या इमारतीला तळघर नाही, पण खाली पार्किंगच्या कोपऱ्यात हरिभाऊंनी ही सगळी मशीनं एकावर एक मांडून ठेवलेली होती. गोल, लांबुळकी, घाटदार, चेपलेली. सोंड वर केलेली, सोंड तुटलेली. संध्याकाळच्या उजेडात लांबून बघितलं तर लहान हत्तींचा कळप पाण्यावर आल्यासारखा वाटायचा.

सगळ्यांना मात्र तसं वाटत नव्हतं. पहिल्या मजल्यावरच्या टोणपे बाईंना ते डबे वाटायचे.

टोणपे बाईंचा राग जुना होता. त्यांचे सासरे वारले तेव्हा हरिभाऊ समाचाराला गेले, आणि सवयीनं, सासऱ्यांच्याच पलंगाखाली वाकले. खोलीतल्या बायकांना वाटलं, माणूस दुःखानं कोसळला. एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी मोठ्यानं गळा काढला. दोघांनी हरिभाऊंना दंडाला धरून उठवलं, कुणी पाणी आणलं. पाणी पिऊन हरिभाऊ टोणपे बाईंना हलक्या आवाजात म्हणाले, "लई चांगलं मानूस गेलं. जुनं सूंडवालं हाय का वो घरात?"

यानंतरही गोष्ट मिटली असती. पण गेल्या दिवाळीच्या आधी टोणपे बाई जिन्यात त्यांना म्हणाल्या, "हाके काका, तुमच्या त्या डब्यांमुळे सगळ्या बिल्डिंगमध्ये धूळ होते."

धूळ या विषयावर हरिभाऊंना कुणी बोललेलं चालत नाही. ते तडक खाली गेले, एक मशीन उचललं, पुसलं आणि टोणपे बाईंच्या दारात उभे राहिले. "पाच मिन्टं द्या. सोफा कुठं हाय?" बाई नाही म्हणेपर्यंत प्लग लागला होता. सोंड आणि नळी यांच्यामध्ये हरिभाऊंनी आपला पांढरा रुमाल अडकवला. जुन्या काळी विक्रेते असंच दाखवायचे म्हणे. सोफ्यावरून दोनदा सोंड फिरवली, मशीन बंद केलं आणि रुमाल उलगडून धरला. रुमालावर धुळीचा, पुरीएवढा गोल उमटलेला होता. नेमकी त्याच वेळी टोणपे बाईंकडे भिशी होती. आठ बायका बसलेल्या होत्या. हा आकडा मला सुनंदानं दिला, तीही त्यांतली एक.

"धूळ जात नाय ताई, जागा बदलती," हरिभाऊ म्हणाले. "ही खालच्या डब्यातली नाय. ही हितलीच."

पुढच्या आठवड्यात सोसायटीकडे लेखी तक्रार आली, अकरा सह्यांची. मी सोसायटीचा सेक्रेटरी. अकरा सह्या म्हणजे सोळा घरांतल्या अकरा, बहुमत. पार्किंगमधलं भंगार तीस दिवसांत हलवावं, नाहीतर सोसायटी ते भंगारात देईल, अशी नोटीस मी लिहिली. आयुष्यात मी मोजल्याशिवाय लिहिलेला तो एकमेव कागद. रोज सकाळी समोरासमोर दार उघडणाऱ्या माणसाच्या हातात तो देताना माझी नजर खाली होती.

हरिभाऊंनी नोटीस दोनदा वाचली. घडी घातली. "नोंद केली का हिची?"

"केली. आवक-जावकला."

"बरं केलं," ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी पहिल्यांदा ते आमच्याकडे चहाला आले नाहीत.

मीटिंगच्या आधी मालाची यादी करणं भाग होतं. एका रविवारी सकाळी मी टेप आणि वही घेऊन खाली गेलो. हरिभाऊही आले, काखेत एक जाडजूड रजिस्टर. "तुमी मोजा. मी जुळवतो," म्हणाले.

मोजली. अडतीस मशीनं. त्यांतली निर्धूलची तेवीस, इतर कंपन्यांची पंधरा. रजिस्टरशी आकडा तंतोतंत जुळला आणि मला समाधान वाटलं. पण रजिस्टर चाळताना एक गोष्ट खटकायला लागली. निर्धूलच्या तेवीस नोंदी कुठल्याच क्रमानं नव्हत्या. मशीनच्या नंबराप्रमाणे नाहीत, सापडल्याच्या तारखेप्रमाणे नाहीत, गावाप्रमाणेही नाहीत. पहिलं मशीन करमाडचं, दुसरं जालन्याचं, तिसरं शहरातलं. शेवटच्या रकान्यात फक्त एकेक अक्षर: हि, ता, नि. पहिली नऊ सगळी हि. मग आठ ता. मग सहा नि.

"हरिभाऊ, हा क्रम कसला?"

"असाच लावलाय."

"असाच कसा? तुमच्यासारखा माणूस असाच क्रम लावत नाही. हि म्हणजे काय?"

हरिभाऊ पार्किंगच्या कट्ट्यावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग हात लांब करून सगळ्यात जवळचं मशीन ओढलं, त्याचं झाकण काढलं आणि आतली कापडी पिशवी बाहेर काढली. धूळ जिच्यात साठते ती. स्वच्छ धुतलेली, इस्त्री केलेली होती. तिच्या तोंडाची शिवण त्यांनी माझ्यासमोर धरली. मळकट पांढऱ्या कापडावर शेवटचे चार टाके हिरव्या दोऱ्याचे होते.

"हिरवा," हरिभाऊ म्हणाले. "पिशव्या शिवायला तीन बाया होत्या. कुनाची पिशवी फाटली ते कळाया पाहिजे म्हणून सुपरवायझरनं तिघींला तीन रंगाचा दोरा दिलता. शेवटचे चार टाके आपल्या रंगाचे घालायचे. तांबडा शकीलाबीचा, निळा पारूबाईचा. हिरवा कौसल्येचा."

कौसल्याबाई म्हणजे हरिभाऊंच्या पत्नी. आम्ही इथे यायच्या तीन वर्षं आधी त्या गेल्या. त्यांच्या हॉलमध्ये फोटो आहे. मी तो सहा वर्षं बघत होतो, आणि त्यापलीकडे कधी काही विचारलेलं नव्हतं.

"टाका बघा की नीट. उलटा हाय. घोंगडीच्या काठाला आमच्यात असा घालत्यात. सुपरवायझर वरडायचा, दोरा जास्ती लागतो म्हणून. ही म्हणायची, लागू द्या, पन माझी पिशवी उसवनार नाय. अन् नाय उसवली. बघा, एक बी नाय."

मी बघितलं. खरोखर नव्हती उसवली.

"ती त्या शेडात, मी ह्या शेडात. दिवसभर भेट नाय. जेवायची सुट्टी बी निराळी. पन तिची पिशवी लावलेलं मशीन माझ्याकडं टेस्टिंगला यायचं. बटन दाबलं की पिशवी फुगायची. अन् टाक्यावरून मला कळायचं, आज बाई कशी हाय. रागात असली की टाका असा घट्ट वढायची, की बास. मंग मी घरी जाताना गपचूप शेवचिवडा घिऊन जायचो." हरिभाऊ हसले. "तिला शेवटपर्यंत समजलं नाय, ह्याला कसं कळतंय."

मी वही बंद केली.

"कंपनीचा इतिहास खोटा नाय साहेब. आता त्यात जीव गुतला. पन सुरवात ह्यासाठी झाली. ती गेली, अन् मी घरात बघाया लागलो, तिच्या हातचं काय हाय. शिवलेलं कायच नाय उरलं. वाकळा फाटल्या, परकर-पोलकी झिजली, पुसायला गेली. जे टिकलं ते सगळं दुसऱ्यांच्या घरात. लोकांच्या पलंगाखाली."

एवढं बोलून त्यांनी पिशवीची घडी केली, मशीनमध्ये परत ठेवली, झाकण लावलं. मग जरा ताठ बसून, नेहमीच्या अभ्यासकाच्या आवाजात म्हणाले, "हिशोब सोपा हाय. निर्धूलचं शेवटचं मशीन तेरा हजार दोनशे साठ नंबरचं. मला सलीमनं दिलं ते. म्हणजे तेरा हजार मशीनं. बाया तीन. एकीच्या वाट्याला चार हजारावर पिशव्या. मला घावल्या नऊ." त्यांनी बोटं उघडून दाखवली. "अजून लई बाकी हायेत."

मी घरी आलो. आकडे डोक्यात घेऊन जेवायला बसणं मला जमत नाही, म्हणून आधी वही उघडली. तेवीस निर्धूल. सगळ्यात लहान नंबर दहा हजार चौदा. सगळ्यात मोठा तेरा हजार दोनशे साठ. मी पुन्हा पाहिलं. तेवीस मशीनं वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या वेळी, सहज सापडलेली, आणि एकाचाही नंबर दहा हजाराच्या खाली नाही. नंबर एकपासून सुरू झाले असते तर तेवीसांतली सतरा-अठरा तरी दहा हजाराच्या आत सापडायला हवी होती. एकही नाही. याचा अर्थ एकच निघतो. निर्धूलनंही पहिल्या मशीनला दहा हजार एक नंबर ठोकला होता.

म्हणजे मशीनं तेरा हजार नव्हतीच. सव्वातीन हजार होती. कौसल्याबाईंच्या वाट्याला हजार-अकराशे. त्यांतल्या बहुतेक इतक्या वर्षांत फाटल्या, कुजल्या, सलीमसारख्या कुणी फोडलेल्या डब्यांबरोबर गेल्या. किती उरल्या असतील? मी कागदावर एक अंदाज मांडला, आणि तो कागद फाडला.

सुनंदानं विचारलं, "जेवत का नाही?"

मी तिला पिशवीचं सांगितलं. आकड्याचं नाही सांगितलं. ती बराच वेळ वाटीत चमचा फिरवत राहिली. मग म्हणाली, "आणि तुम्ही त्यांना नोटीस दिलीत."

मीटिंग पुढच्या रविवारी, गच्चीवर, सतरंजीवर. सोळापैकी चौदा घरं हजर. टोणपे बाई पहिल्या रांगेत. हरिभाऊ सगळ्यात मागे, कठड्याला टेकून. गुडघ्यावर टोपी.

मी उभा राहिलो आणि अहवाल वाचला. "पार्किंगमधल्या वस्तूंची संख्या अडतीस. व्यापलेली जागा अकरा फूट बाय सहा फूट, म्हणजे सहासष्ट चौरस फूट. बिल्डरच्या मूळ यादीप्रमाणे प्रत्येक फ्लॅटला एका चारचाकीची जागा आहे, आठ फूट बाय सोळा फूट, म्हणजे एकशे अठ्ठावीस चौरस फूट. हाके यांच्याकडे चारचाकी नाही, दुचाकी नाही, सायकलसुद्धा नाही. त्यांच्या हक्काच्या जागेपैकी बासष्ट चौरस फूट अजून रिकामी आहे. नोटीस देण्यापूर्वी ही मोजणी व्हायला हवी होती. ती झाली नाही, ही सेक्रेटरीची चूक. नोटीस मागे घेत आहे."

"बासष्ट फूट रिकामी?" टोणपे बाई म्हणाल्या. "म्हणजे अजून डबे आणणार हे?"

"नियमानं आणू शकतात."

"अहो, पण दिसतं कसं ते! कुणी पाहुणा आला की आधी ते डबे दिसतात!"

मागून हरिभाऊ म्हणाले, "झाकून ठिवतो ताई. पन चादर नाय माझ्याकडं येवढी मोठी."

आणि माणसाचं काही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी टोणपे बाईंच्या मोलकरणीनं दिवाणखान्याचे जुने दोन पडदे आणून हरिभाऊंच्या दारात ठेवले. निरोप होता: धुऊन दिलेत, रुमाल लावून बघू नका म्हणावं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सुनंदालाच आठवलं. वैजापूरला तिच्या मामांचं मोंढ्याजवळ अडत दुकान होतं. ती लहान असताना तिथे एक असलंच यंत्र आलं होतं, कुणा विक्रेत्यानं मामांच्या गळ्यात मारलेलं. तिनं फोन केला. मामी म्हणाल्या, "हाय की. टेलिफोन त्याच्यावरच तर ठेवायचो आपण. आता फोन गेला, ते हाय."

एका रविवारी मी, सुनंदा आणि हरिभाऊ माझ्या गाडीनं वैजापूरला गेलो. हरिभाऊंनी धुतलेली टोपी घातली होती आणि पूर्ण रस्ताभर एक शब्दही बोलले नाहीत. मागच्या सीटवर सुनंदानं दोनदा विचारलं, "काका, खिडकी उघडू का?" दोन्ही वेळा त्यांनी नुसती मान हलवली.

मामांच्या घरी शिरल्यावर हरिभाऊ पलंगाखाली वाकले नाहीत. यंत्र समोर कोपऱ्यातच होतं, वर विणलेला रुमाल आणि त्यावर प्लास्टिकची फुलदाणी. बाजूला पट्टी दिसत होती, अक्षरं पुसट, पण वाचता येत होती. निर्धूल.

"आम्ही दोनदाच वापरलं," मामी सांगत होत्या. "दुकानात कापसाचे तंतू लई उडायचे, म्हणून घेतलं. ते ह्यात अडकायचे अन् हे बोंबलायचं. मग मामा म्हणाले, झाडू बरा."

हरिभाऊ मांडी घालून खाली बसले. फुलदाणी बाजूला ठेवली, रुमालाची घडी करून मामींच्या हातात दिली. यंत्र उलटं करून बुडाचा नंबर बघितला आणि मला सांगितला, "लिवून घ्या. अकरा हजार सातशे नऊ." मी लिहिला. मग त्यांनी झाकणाच्या कड्या काढल्या. एक कडी गंजलेली होती, ती त्यांनी नखानं, मग किल्लीनं, हळूहळू सोडवली. आम्ही तिघं उभे होतो. सुनंदानं माझ्या दंडाला धरलं होतं.

पिशवी बाहेर आली. आत वैजापूरच्या कापसाचा जुना, राखाडी गोळा होता. हरिभाऊंनी पिशवीचं तोंड उजेडाकडे फिरवलं.

दोरा तांबडा होता.

हरिभाऊंनी अंगठ्यानं त्या चार टाक्यांवरची धूळ पुसली. "शकीलाबी," ते म्हणाले. "तिचा हात बी चांगलाच होता. बघा की, येवढ्या वर्सात दोरा हालला नाय. नोंद करा साहेब. ता."

मी रजिस्टर उघडलं आणि तांबड्यांच्या नोंदी संपतात तिथे, समासात, नववी नोंद केली. नऊ हि, नऊ ता, सहा नि. चोवीस.

मामींनी यंत्र तसंच देऊन टाकलं. परतताना हरिभाऊंनी ते डिकीत ठेवू दिलं नाही, मांडीवर घेतलं. गाडी शहराच्या जवळ आली तेव्हा ते पहिल्यांदा आपणहून बोलले. आवाज नेहमीसारखा होता.

"तेरा हजार मशीनं साहेब. चार हजारावर तिच्या पिशव्या. अजून लई बाकी हायेत."

मी आरशात बघितलं. त्यांचं तोंड खिडकीकडे होतं. पाच हजार एक नंबराची गोष्ट मला याच माणसानं सांगितली होती. स्वतःच्या कारखान्याचे तेवीस नंबर स्वतःच्या हातानं लिहिणाऱ्या या माणसाला, जे मला एका सकाळी दिसलं, ते इतक्या वर्षांत दिसलं नसेल, असं मला वाटत नाही. पण विचारलं नाही.

तीस वर्षांत मी चुकीचा आकडा खपवून घेतलेला नाही. धरणात एक सेंटिमीटर पाणी कमी असलं तरी तसं कळवलेलं आहे.

"हो," मी म्हणालो. "बरीच बाकी आहेत."